शोधनिकालांची यादी म्हणजे म्हणे चोचले!

नस्ती उठाठेव (धागाकर्ती)

दस्तऐवज प्रणालीवरच्या मागच्या धाग्यात बायनरी बुवा ठणकावून गेले: "शोध नीट बांधला असेल तर यादी बघत बसायची वेळच येत नाही. पहिल्या दहात सापडलं नाही म्हणजे तुमचे शब्द चुकले. स्तंभ, फिल्टर, पूर्वदर्शन हे सगळे चोचले." खाली +१ ची रांग लागली. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं आणि चीडही ओसरेना, म्हणून हा वेगळा धागा.

बुवा, वेबवर शोधणं आणि आपल्याच फायलींत शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. वेबवर मला उत्तर हवं असतं, ते कुठल्या पानावरून आलं याचं सोयरसुतक नसतं. इथे मला अमुक पुरवठादाराबरोबरचा, सह्या झालेला, दुरुस्तीनंतरचा करारच हवा असतो. त्याच्यासारखा दिसणारा दुसराच हाती लागणं हे काहीच न सापडण्यापेक्षा वाईट, कारण तो बरोबर समजून पुढे पाठवला जातो.

आणि यादीत दिसतं काय? 'करार अंतिम', 'करार अंतिम सुधारित', 'करार अंतिम सुधारित २'. सगळ्यांना एकच चिन्ह. फोल्डरचा मार्ग मध्येच टिंबं देऊन कापलेला, आणि ज्या तुकड्यावरून फरक कळला असता तोच नेमका गायब. 'बदलल्याची तारीख' बघावी तर सगळ्यांची एकच, कारण जुन्या प्रणालीतून फायली इकडे आणल्या त्या दिवसाचा शिक्का सरसकट बसलाय. मग राहतं काय, तर एकेक उघडून बघणं. उघडली, ही नव्हे, मागे आले, की यादी पुन्हा पहिल्या पानावर! फिल्टर गेले, क्रम गेला, कुठवर बघून झालं होतं तेही गेलं. आमच्याकडे लोक शेजारी कागद ठेवून त्यावर टिकमार्क करतात. संगणकातली यादी तपासायला कागद.

माझं मागणं फार नाही. जुळलेला शब्द आजूबाजूच्या ओळीसकट यादीतच दिसावा. फाइल उघडली की मुखपृष्ठावर न सोडता थेट त्या शब्दापाशी न्यावं. आणि फाइल उघडी असतानाच 'पुढचा निकाल', 'मागचा निकाल' अशी बटणं असावीत, म्हणजे यादीकडे परतायची गरजच नको. हे ज्यांना चोचले वाटतात त्यांनी दोनशे पानी स्कॅन केलेल्या फायलीत एक रक्कम शोधून दाखवावी, मग बोलू.

बायनरी बुवा

अर्धं वाक्य उचलून आख्खा धागा काढल्याबद्दल आभार. 'बहुतेक वेळा' हे दोन शब्द सोयीस्करपणे गाळलेत, असो.

लोक शोधाच्या चौकटीत काय टाइप करतात ते मला लॉगमध्ये (वापराच्या नोंदींत) दिसतं. 'अहवाल'. नुसतं 'अहवाल'. जो शब्द प्रत्येक फायलीत आहे त्याच्यावरून फायलींमधला फरक कळत नाही, त्यामुळे त्याचं वजन जवळजवळ शून्य धरायचं, हे संगणकशास्त्रज्ञ केरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ सालीच मांडून ठेवलंय. ल्युसीन या शोध-सॉफ्टवेअरवर उभी असलेली कुठलीही प्रणाली घ्या, निकालांना गुण देणाऱ्या बीएम२५ च्या सूत्रात तेच तत्त्व आहे. सगळ्यांना सारखेच गुण पडल्यावर यंत्राने क्रम लावायचा कशाच्या जोरावर? दोन शब्द जास्त टाका, अवतरणचिन्हं वापरा, वर्ष टाका. तेवढा विचार करायचा कंटाळा, आणि मग यादीच्या नावाने बोटं मोडायची.

लालफीत

बुवा, नेमके शब्द, वर्ष, सगळं आठवत असतं तर शोध वापरलाच कशाला असता?

माझं दुखणं वेगळं आहे: न संपणारी यादी. खाली सरकत राहा, नवे निकाल येत राहतात, तळ कधी लागतच नाही. पूर्वी सहकाऱ्याला 'तिसऱ्या पानावर वरून पाचवी' असं फोनवर सांगता यायचं, ते सुख गेलं. आणि एकूण किती? तर '१०,०००+'. म्हणजे साडेदहा हजार की साडेदहा लाख?

बायनरी बुवा

@लालफीत, त्याला कारण आहे. ल्युसीनवरच उभ्या असलेल्या इलॅस्टिकसर्च या शोधयंत्राच्या सातव्या आवृत्तीपासून अचूक मोजणी डिफॉल्टने १०,००० पर्यंतच होते, आणि त्यापलीकडची पानंही डिफॉल्टने मिळत नाहीत. अनुक्रमणिका (कुठला शब्द कुठल्या फायलीत आहे याची यंत्राने केलेली सूची) तुकड्यांत विभागलेली असते. खोलवरचं एक पान काढायचं तर प्रत्येक तुकड्याने आपापले पहिले हजारो निकाल आणून द्यायचे, ते एकत्र लावायचे आणि त्यातले बहुतेक टाकून द्यायचे. एवढी हमाली कुणीही न बघणाऱ्या निकालांसाठी.

दप्तरदार

'कुणीही न बघणाऱ्या' हे वाचून हसू आलं. आम्ही बघतो हो. वकिली कामात 'एक चांगला कागद मिळाला' याला किंमत नसते. संबंधित असलेले सगळे लागतात, आणि एक राहिला तर समोरची बाजू तोच काढून टेबलावर ठेवते.

शोधून नेमके किती कागद हाती लागतात यावरचा १९८५ चा ब्लेअर आणि मॅरन यांचा अभ्यास बुवांना माहीत असणारच. एका खटल्याचे सुमारे ४०,००० दस्तऐवज, शोधायला बसलेले लोक अनुभवी, आणि त्यांची पक्की समजूत की कामाचे ७५ टक्के कागद तरी हाती लागलेत. प्रत्यक्षात लागले होते सरासरी २० टक्क्यांच्या आसपास. ज्याला वकील अपघात म्हणत होते त्याला पत्रांत कुणी 'घटना' लिहिलं होतं, कुणी 'अडचण'. म्हणून निवांत यादी चाळणं महत्त्वाचं. चाळताना तिसराच शब्द दिसतो आणि मग तो टाकून पुन्हा शोधता येतं. पहिल्या दहावर थांबणाऱ्याला आपलं काय राहिलं हे कळतच नाही.

बायनरी बुवा

तो बूलियन शोधाचा, म्हणजे 'आणि', 'किंवा', 'नाही' असे शब्द जोडून शोधण्याचा जमाना होता. चाळीस वर्षांपूर्वीचे आकडे आजच्या यंत्रांना लावू नका.

दप्तरदार

यंत्रं बदलली. पत्रं लिहिणारी माणसं अजून 'अडचण'च लिहितात.

कप्पेबंद

मंडळी, मुळात हा शोधाशोधीचा खेळच कशाला? फोल्डर नीट लावा. विषय, त्यात वर्ष, त्यात पक्षकार. फायलीच्या नावात तारीख आधी, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. १९८८ साली आयएसओ ८६०१ हे तारीख लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, तेव्हापासून सांगून सांगून थकलो. अशी नावं दिली की नावानुसार क्रम लावला तरी फायली आपोआप तारखेने लागतात. माझ्या विभागात शोधाची चौकट गेली कित्येक वर्षं कुणी वापरलेली नाही.

चष्मेवाली

कारण तुमच्या विभागात काही शोधायचं असेल तर लोक तुम्हालाच विचारतात, कप्पेबंदजी!

एक पत्र आहे. त्यात विमाही आहे, जागेचा वादही आहे आणि एका कर्मचाऱ्याची तक्रारही. कुठल्या कप्प्यात जाईल? तुम्ही म्हणाल जागा. तुमच्यानंतर येणारी म्हणेल विमा. मी हे भोगलंय. माझ्या आधीच्या गृहस्थांची फोल्डररचना देखणी होती, पण ती त्यांच्या डोक्यात होती. ते गेले आणि मागे राहिलं 'इतर' नावाचं फोल्डर, ज्यात बाकी सगळ्या फोल्डरांपेक्षा जास्त फायली. त्यात 'इतर जुने', त्यात 'नवीन फोल्डर (२)'.

कप्पेबंद

तो माणसाचा दोष, पद्धतीचा नव्हे. शिस्त नसेल तर शोध तरी काय उजेड पाडणार? आणि फोल्डरऐवजी फायलीला विषयाचे शब्द, म्हणजे टॅग, जोडायचे म्हणाल, तर तुमचे ते टॅग भरतं कोण? 'विषय' या रकान्यात लोक एक टिंब टाकून पुढे जातात, कारण रकाना सक्तीचा असतो.

चष्मेवाली

टिंबाचं मान्य. करावंच लागेल, मीही टाकलंय. पण कप्प्यात कप्पा, कप्प्यात कप्पा करत गेलात की विंडोजवर २६० अक्षरांच्या मर्यादेला मार्ग धडकतो आणि काही प्रोग्राममध्ये फाइल उघडतच नाही. तेव्हा कुठली शिस्त कामी येते?

कप्पेबंद

ती मर्यादा दहाव्या आवृत्तीपासून काढता येते. आणि छोटी नावं द्यायला कुणी हात धरले नव्हते. पण ज्यांना नीट आवरून ठेवायचंच नाही त्यांना कारणं पुष्कळ सापडतात.

चष्मेवाली

'आवरून ठेवायचंच नाही' हे कुणाला उद्देशून होतं? मी बारा जणांचा पसारा निस्तरलाय, तुम्ही स्वतःच्या कपाटाची आरती ओवाळताय.

नस्ती उठाठेव

दोघांनीही जरा दमानं घ्या. धागा यादीवर आहे. फोल्डर विरुद्ध टॅग हवं असेल तर वेगळा काढा, मीही येते भांडायला.

रात्रपाळी

यादीवरच बोलतो मग. दुसऱ्या पानावर पहिल्या पानावरचीच फाइल पुन्हा दिसते आणि एखादी कुठेच दिसत नाही, हे कुणी अनुभवलंय का? आम्ही ते भूत समजत होतो. कारण साधं निघालं: क्रम तारखेवर, आणि धागाकर्तीने म्हटल्याप्रमाणे तारखा सगळ्या सारख्या. बरोबरी झाली की कोण आधी याचा नियमच नसतो, त्यामुळे प्रत्येक पानाच्या वेळी क्रम बदलू शकतो. तारखेपाठोपाठ फायलीचा क्रमांक हा दुसरा निकष लावला आणि भूत गेलं.

दुसरी गोष्ट, वर '४३ निकाल' आणि मोजावे तर २९. उरलेल्या १४ फायली बघायचा मला अधिकार नाही, पण मोजणी अधिकार तपासण्याआधीच होते. हा नुसता गबाळेपणा नाही. फिल्टरमध्ये 'चौकशी (१)' असं दिसलं की फाइल न उघडताही कळतं, कुणाची तरी चौकशी चालू आहे.

बायनरी बुवा

हा मुद्दा मात्र चोख आहे. अधिकाराची चाळणी शोधाच्या आतच लागली पाहिजे, वरून नव्हे. आणि म्हणूनच मी पूर्वदर्शनाच्या विरोधात आहे. मजकुराचा तुकडा यादीत दाखवायचा म्हणजे फुटायला आणखी एक जागा. शिवाय प्रत्येक फायलीचं चित्र आधी तयार करून साठवायचं, नवी आवृत्ती आली की पुन्हा करायचं. त्याची जागा आणि वेळ कोण मोजणार?

नस्ती उठाठेव

माणसांचा वेळ मोजता का हो कधी? पूर्वदर्शनाने वाचतो तो?

अनुस्वार

अवांतर: युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत) येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटात टाइप केलेल्या फायलींचं काय? डोळ्यांना देवनागरी, पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या कुठल्याच यादीत कधीच येत नाहीत. इथे क्रमावर भांडण चाललंय आणि आमच्या निम्म्या फायली शर्यतीतच नाहीत.

लालफीत

@अनुस्वार, याच्यावर खरंच वेगळा धागा हवा. तुम्हीच काढा.

कप्पेबंद

फोल्डर असते तर फाँट कुठलाही असता तरी फाइल सापडली असती. नोंद घ्यावी.

चष्मेवाली

घेतली. 'इतर'मध्ये ठेवली. (हलके घ्या.)

बायनरी बुवा

बरं, धागाकर्तीच्या समाधानासाठी: मागे गेल्यावर यादी होती तशीच राहिली पाहिजे, हे मान्य. शोध, फिल्टर, क्रम, पान, सगळं ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतच ठेवलं तर दुवा सहकाऱ्याला पाठवताही येतो, लालफितींना फोन करायला नको. पुढचा-मागचा निकाल ही बटणंही त्यातूनच जमतात. हे चोचल्यांतून वगळतो. बाकीचे चोचले चोचलेच.

नस्ती उठाठेव

केवढी ही उदारता! मग तुमच्या प्रणालीत हे कधी येतंय?

बायनरी बुवा

मागणी नोंदवा, प्राधान्यक्रम ठरवणारे ठरवतील. मी फक्त अनुक्रमणिका बघतो.

दप्तरदार

तोवर आमचा जुगाड: शोध एकदाच करायचा, यादीत फायलीचा क्रमांक आणि दस्तऐवजाची खरी तारीख हे स्तंभ लावायचे, मग सगळी यादी एक्सेलमध्ये काढायची आणि तिथे 'पाहिली' असा रकाना जोडायचा. स्तंभ आधी लावायला विसरू नका, जे पडद्यावर दिसतं तेवढंच बाहेर येतं.

लालफीत

आमच्याकडे एक्सेलमध्ये फक्त चालू पान निघतं. आणि यादी न संपणारी असल्यामुळे चालू पान म्हणजे काय, हे मदत कक्षालाही सांगता येत नाही.