मदत हवी आहे: यांकीजच्या बेंचवर नक्की बसतं तरी कोण?

मंडळी, बेसबॉल नीट कळणारं कोणी आहे का इथे? न्यू जर्सीत आठ वर्षं झाली, त्यातली पहिली पाच "हे काय क्रिकेट आहे का" म्हणून नाक मुरडण्यात गेली, मग पोरामुळे न्यूयॉर्कच्या यांकीज टीमच्या नादी लागलो आणि पूर्ण सीझन बघायला नेमकं 2023 च सापडलं. 82 जिंकल्या, 80 हरल्या, प्लेऑफला टाटा. पोरगा तेरा वर्षांचा, तो म्हणतो "बाबा, इंज्युरीज झाल्या, कोण काय करणार". मला हे पटत नाही, पण त्याला गप्प करण्याइतकं ज्ञानही नाही.

3 जूनची मॅच आम्ही सोफ्यावर बसून बघत होतो. लॉस एंजेलिसला आमचा मोठा फटकेबाज ॲरन जज पळत गेला, कॅच घेतला आणि तसाच बुलपेनचं (राखीव पिचर, म्हणजे बॉलर, वॉर्मअप करतात त्या जागेचं) दार फोडून आत. खाली काँक्रीटचा कठडा होता त्यावर पायाचा अंगठा आपटला. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि तो परत दिसला थेट 28 जुलैला! आता एक माणूस गेला तर टीमने एवढं बसायचं? पण बसली. किनर-फलेफा मूळचा इनफिल्डर (बेसजवळचा फील्डर), थर्ड बेसला गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचं बक्षीस) मिळवलेला माणूस, त्याला लांब मागे सेंटर फील्डला उभा केला, म्हणजे आपल्याकडे स्लिपवाल्याला डीप मिडविकेटला पाठवल्यासारखं. डोनाल्डसन, 2015 चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), .142 ॲव्हरेजने (शंभरात जेमतेम 14 हिट) मारत होता. अख्ख्या टीमचं ॲव्हरेज .227. ऑगस्टमध्ये सलग 9 हरले, 1982 नंतर असं पहिल्यांदाच, आणि ती माळ तुटली कधी तर जजने एकाच मॅचमध्ये तीन होमरन ठोकले तेव्हा. म्हणजे फिरून परत जजच.

माझं गणित असं: रोस्टर (संघाची यादी) 26 चा, त्यात 13 पिचर, उरले 13, डीएच (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) धरून 9 बॅटिंगला, बेंचवर फक्त 4. त्यातला एक बॅकअप कॅचर (राखीव विकेटकीपरच म्हणा), त्याला मॅनेजर सहसा हात लावत नाही, कारण एकदा बाहेर काढलेला खेळाडू परत येत नाही आणि मग कॅचरला लागलं तर मागे बसणार कोण. म्हणजे हाताशी खरे 3. मग एक पिचर कमी घेऊन फलंदाज का वाढवत नाहीत? आणि लेफ्ट फील्डर बेनिन्टेंडी शिकागोला गेल्यावर लेफ्ट फील्डला पक्का माणूस का घेतला नाही? जजला 36 कोटी डॉलर दिले ते ठीक, पिचर रोडॉनला 16 कोटी 20 लाख दिले (तो जुलैपर्यंत दुखापतीत, नंतर आला तर इआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेले रन, 6.85), आणि लेफ्ट फील्ड मात्र "बघू" वर. आउटफिल्डर हिक्सला मेमध्ये काढला, तो बाल्टिमोरला जाऊन व्यवस्थित खेळला. ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) आणले काय, तर दोन पिचर! चूक नियमाची की टीम बांधणाऱ्या जनरल मॅनेजर कॅशमनची, एवढंच सांगा.

प्रतिसाद:
दादा, 13 पिचर ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. पण स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) आता पाच-सहा इनिंगमध्ये दमतो, त्यामुळे सगळेच 13 घेतात. 30 टीमना नियम सारखा, म्हणून नियमाला दोष देऊ नका. तुम्ही बेंच डगआउटमध्ये शोधताय, खरा बेंच पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला, यांकीजच्या ट्रिपल-ए (मुख्य लीगच्या लगेच खालची पातळी) टीममध्ये असतो. ज्याचे ऑप्शन (खाली पाठवायची मुभा) शिल्लक आहेत त्याला वर-खाली करता येतं, ज्याचे संपले त्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर (बाकी टीमसाठी खुला) टाकावं लागतं, म्हणजे दुसरी टीम उचलू शकते. 2023 मध्ये खेळलेले बावर्स, मॅकिनी हे तिथूनच वर आले. जज जखमी झाला तेव्हा खाली तयार आउटफिल्डर नव्हता, हे हिवाळ्यातलं पाप. चिरंजीव अर्धे बरोबर आहेत, कारण फर्स्ट बेसवाल्या रिझोला मेमध्ये डोक्याला लागलं त्याला कोण काय करणार. पण नेहमीच जखमी होणारा फटकेबाज स्टॅन्टन दुखापतीत जाणार हे तर कुणीही आधीच सांगितलं असतं.

धागाकर्ता:
आभार! पोराला वाचून दाखवलं. "अर्धे बरोबर" एवढंच ऐकलं आणि दिवसभर घरात मिरवतोय. आता म्हणतो पुढच्या वर्षी स्क्रँटनलाच मॅच बघायला जाऊ, तिकडे कोण तयार होतंय ते आपणच बघू. आमच्याकडून दोनेक तासांची ड्राइव्ह आहे, तर एप्रिलमध्ये तिथे फार गारठतं का? बायको जॅकेटांवरून आत्तापासूनच विचारतेय.