मदत हवी आहे: 20 हजारांत ड्रेस वॉच, शनिवारच्या आत सांगा

दर्यावर्दी_200 (पणजी)
संग्रहात सगळी डायव्हर (पाण्यात घालायची) आणि दोन क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवाली). नीट कपड्यांवर शोभेल असं एकही नाही. बजेट 20 हजार, ताणून 22. ओरिएंट बांबिनो (ऑटोमॅटिक, सेल नसलेलं) मनात आहे, पण त्याचे इतके प्रकार की डोकं फिरलं. कुठलं घेऊ? शनिवारी दुकानात जाणार आहे. "थोडं बजेट वाढवा" हे उत्तर कृपया नको.

सतरा_ज्वेल (फोंडा)
मनगट किती? सेलचं चालेल का? नवंच हवं की जुनं? कशावर घालणार? हे काहीच लिहिलं नाही, तर आम्ही काय सांगणार, कपाळ?

दर्यावर्दी_200
मनगट नॉर्मल आहे. सेलचं शक्यतो नको. नवं बरं.

सतरा_ज्वेल
"नॉर्मल" कुठल्या फूटपट्टीवर असतं? पट्टा जिथे बसतो तिथे कागदाची पट्टी गुंडाळा, खूण करा आणि मोजा. मग मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी वेगळी मोजा. ती जास्त महत्त्वाची. लग म्हणजे पट्टा अडकवायचे कान. घड्याळाच्या वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर त्या रुंदीत बसलं पाहिजे, नाहीतर लग हवेत लोंबतात आणि पट्टा सरळ खाली पडतो. व्यास त्यानंतर बघा. डायव्हरला जाड बेझल (काचेभोवतीची कडी) असते, त्यामुळे 42 मिमीचं घड्याळही डोळ्याला लहान वाटतं. ड्रेस वॉचला बेझल नावापुरती, सगळा डायलच. 40 चं थाळीसारखं दिसतं.

पातळपंथी (मडगाव)
ड्रेस वॉच म्हणजे पातळ. एवढी एकच अट, बाकी सगळं नंतर. टायटन एज घ्या. 2002 साली आलं तेव्हा पूर्ण घड्याळाची जाडी 3.5 मिमी, आतली मशीन 1.15 मिमी. वर सफायर काच. कफखाली आहे की नाही तेही कळत नाही. बांबिनो 12 मिमीच्या वर जातं, ते ड्रेस वॉच कसलं?

दर्यावर्दी_200
सेलचं नको म्हटलं होतं.

पातळपंथी
"शक्यतो" म्हटलं होतं! वर्षातून चार कार्यांना घालणार. ऑटोमॅटिक हाताच्या हालचालीवर चालतं, काढून ठेवलं की 40 तासांत बंद पडतं, म्हणजे दर खेपेला वेळ लावा, तारीख लावा. क्वार्ट्झ, म्हणजे सेलचं, कपाटातून काढलं की घातलं. काळजी एकच: संपलेला सेल आत ठेवू नका. तो गळला की सर्किट खातो. घड्याळ चालत असलं तरी दोनेक वर्षांनी बदला.

म्हाका_कितें (म्हापसा)
घड्याळावर पाण्यासाठी 30 मीटर लिहिलेलं असलं तरी मिरामारच्या पाण्यात घालून उतरू नका हां. 30 मीटर म्हणजे हात धुताना उडणारं पाणी, पावसाचे चार थेंब. पोहायला किमान 100 हवं.

दर्यावर्दी_200
माझ्या आयडीत डायव्हरचे 200 मीटर कशाला आहेत असं वाटतं तुम्हाला?

सतरा_ज्वेल
पातळच हवं तर रोटर (हात हलला की फिरून चावी भरणारं वजन) काढा, सेल कशाला घालता? आकडेच बघा. एनएच35 ही ऑटोमॅटिक मशीन 5.32 मिमी जाड. चावीची ईटीए 7001 फक्त 2.5 मिमी. ऑटोमॅटिकमध्ये रोटर, त्याची बेअरिंग आणि चावी भरणारी गिअरमाळ मशीनच्या पाठीवर चढते, त्यावर रोटर फिरायला मोकळी जागा लागते. म्हणून ड्रेस वॉच चावीचं. या बजेटमध्ये जुनं एचएमटी जनता घ्या आणि उरलेल्या पैशात एक चांगली सर्व्हिस करून घ्या. सुमारे 35 मिमी, 18 चा पट्टा, सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला 1961 पासून जी परंपरा सुरू झाली त्यातलं.

जुवारीकाठ (कुठ्ठाळी)
सतरादादा, नवं हवं म्हणताहेत ते. आणि जुन्या एचएमटीत निम्मे रंगवलेले डायल फिरतात. ते कसं ओळखायचं हे न सांगता "घ्या" म्हणणं बरं नाही.

सतरा_ज्वेल
बरोबर, ताई. तर: भडक निळा, केशरी, पोपटी डायल दिसला की सोडा. भिंगातून "पॅराशॉक" (धक्क्यापासून बचाव) आणि "17 ज्वेल्स" ही अक्षरं बघा. मूळ छपाईची कड धारदार असते, रंगवलेल्यात अक्षरं फुगतात. मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एका रेषेत आहेत का? मिनिटकाटा रेघांपर्यंत पोचतो का, की दुसऱ्याच घड्याळाचा आहे? मागचं झाकण उघडलेला फोटो मागा. विकणारा "उघडता येत नाही" म्हणाला की विषय संपला. आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या घ्या, घड्याळ नको.

म्हाका_कितें
म्हापशाचं नाव कशाला? हरमलची मिरची तिथेच मिळते.

पातळपंथी
दिवसाला दोन मिनिटं पुढे-मागे जाणारं घड्याळ घालून मुहूर्त चुकवा म्हणावं.

सतरा_ज्वेल
सर्व्हिस केलेलं जनता दोन मिनिटं चुकत नाही. चुकलंच तर तेल सुकलेलं असतं किंवा हेअरस्प्रिंगला (ठोका राखणाऱ्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व लागलेलं असतं. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी घटते आणि घड्याळ पळत सुटतं. फोनच्या चुंबकी कव्हरशेजारी ठेवलं तरी होतं. डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांचं काम.

दर्यावर्दी_200
बांबिनोचं कोणी सांगणार आहे का? मोजलं: मनगट 16 सेंमी, सपाट भाग 46 मिमी.

जुवारीकाठ
आता बोलता येईल. बांबिनोचे प्रकार मोजत बसू नका, मुख्य मापं दोन. मोठ्याचा व्यास 40.5, लग ते लग साडेसेहेचाळीसच्या आसपास. ते तुमच्या मनगटाच्या काठावर येतं. लहान 38.4, लग ते लग सुमारे 44. ते आत बसतं. शिवाय मोठ्याला पट्टा 21 मिमीचा लागतो, जो दुकानात धड सापडत नाही. लोक 22 चा कोंबतात आणि कडा दुमडते. लहानाला सरळ 20. मशीन एफ6724 असेल तर चावी हाताने देता येते आणि चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो. कंपनीचं माप दिवसाला +25 ते −15 सेकंद, त्यामुळे 10 सेकंद पुढे गेलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

पातळपंथी
आणि जाडी? साडेबारा!

जुवारीकाठ
त्यात काचेचा घुमट धरलेला आहे. बाजूने केस बारीकच दिसते.

पातळपंथी
कफला घुमट आणि केस यांतला फरक कळत नाही. अडकायचं ते अडकतंच.

जुवारीकाठ
मग शिंप्याला डावा कफ अर्धा इंच सैल शिवायला सांगायचा. रोज घड्याळ घालणाऱ्यांचे कफ तसेच शिवतात.

दर्यावर्दी_200
कफ नाहीच. डिसेंबरात मावसभावाचं लग्न आहे, बंदगळा घालणार आहे.

सतरा_ज्वेल
धन्य! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. बंदगळ्याच्या बाहीत हात मोकळा असतो, जाडीचा अर्धा वाद तिथेच मिटला. तर मग लहान बांबिनो घ्या. पांढऱ्यापेक्षा मोतिया डायल आणि तपकिरी पट्टा, बंदगळा काळा नसेल तर.

दर्यावर्दी_200
गडद हिरवा. आणि पावसाळ्यात पट्ट्याला बुरशी येते त्याचं काय? डायव्हरना रबर आहे, हा त्रास माहीत नाही.

जुवारीकाठ
जून ते सप्टेंबर कातडी पट्टा काढूनच ठेवा. घातलाच तर घरी आल्यावर कोरड्या कापडाने आतली बाजू पुसा आणि रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवा. घामाचा ओला पट्टा डब्यात बंद केला की तिसऱ्या दिवशी पांढरी लव. डब्यात रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की फेकू नका, ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. डांबरगोळ्या अजिबात नकोत, वास पट्ट्यात बसतो तो जात नाही. पट्ट्याच्या स्प्रिंग पिनाही बघत जा. खाऱ्या हवेने आणि घामाने आतून गंजतात आणि ऐन वेळी सुटतात.

म्हाका_कितें
ऑटोमॅटिक आहे तर वाइंडर घ्या ना, फिरवत ठेवणारा डबा येतो.

जुवारीकाठ
चार कार्यांच्या घड्याळाला वाइंडर म्हणजे विनाकारण झीज. चावीचे वीस-तीस फेरे दिले की चालतं. फक्त तारीख बदलताना काटे सहाच्या आसपास आणून मग बदला. रात्री 9 ते पहाटे 3 च्या दरम्यान आतली तारखेची चाकं गुंतलेली असतात, तेव्हा झटक्याने बदलली तर दात तुटतो.

दर्यावर्दी_200
हे उपयोगाचं. शनिवारी 38 चं घालून बघतो. बिलावर मॉडेल नंबर लिहून घेऊ ना?

सतरा_ज्वेल
नंबर, तारीख, दुकानाचा शिक्का, वॉरंटी कार्डावरही तेच. पेटीवरचा आणि मागच्या झाकणावरचा नंबर जुळवून बघा. दुकानात काच भिंगाखाली तिरकी धरा. साधी मिनरल काच आहे, शोकेसमधल्या घड्याळावर ओरखडे पडलेले असू शकतात.

पातळपंथी
तिथे गेलाच आहात तर एज एकदा मनगटावर ठेवून बघा.

दर्यावर्दी_200
बघतो. घेणार नाही.