बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला फायनान्स घ्यावे की मार्केटिंग?

प्रश्न (विद्यार्थिनी, सांगली)
मी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला असून पुढील वर्षासाठी फायनान्स, मार्केटिंग आणि मनुष्यबळ व्यवस्थापन यांपैकी एक विषयगट निवडायचा आहे. वडिलांचे मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान (शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणारे) आहे. दुकानाचे हिशेब घरातच पाहिले जातील, म्हणून मी फायनान्स घ्यावे, असे त्यांचे मत आहे. मला मात्र पुढे स्वतःच्या नावाने हळद पावडर विकायची आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (करसल्लागार, मिरज)
हिशेब लिहिणे म्हणजे फायनान्स नव्हे. खतावणी आणि जीएसटीची विवरणपत्रे ही कामे दुकानातील दिवाणजी आजही करत असतील. शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचे देणे) लवकर चुकती करावी लागते, खरेदीदाराचे पैसे मात्र उशिरा येतात, तेव्हा मधल्या काळातील रक्कम कोठून उभी करायची आणि ती कितीला पडते, हा खरा फायनान्सचा प्रश्न आहे. दहा लाख रुपये वार्षिक 12 टक्के दराने चार महिने अडकले, तर 40,000 रुपये केवळ व्याजात जातात. पावडरीच्या धंद्यातही हे चुकत नाही, कारण वर्षभर दळायची हळद हंगामातच घेऊन ठेवावी लागते. वडिलांचा सल्ला योग्य आहे, त्यांनी दिलेले कारण तेवढे अपुरे आहे.

उत्तर 2 (मसाला विक्रेता, विटा)
वरील हिशेब मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. सौद्यात भाव बोलीने ठरतो, त्यामुळे अडतीच्या घरात वाढलेल्या व्यक्तीला मालाची पारख येते, पण गिऱ्हाईक शोधण्याची सवय लागत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पुण्यातील किराणा दुकानदार पाकीट ठेवून घेताना आधी स्वतःचे मार्जिन विचारतो आणि न खपलेला माल परत घेणार का, हे लगेच पुढे विचारतो. पैशाचे व्यवहार तुम्हाला वडिलांजवळ बसून शिकता येतील. विक्री शिकवणारे घरात कोणी नाही. म्हणून मार्केटिंग घ्यावे, मात्र प्रकल्प अहवालाचा विषय स्वतः निवडता येतो का, हे प्राध्यापकांना आधी विचारावे. नाहीतर तयार अहवालांच्या नकला करण्यातच वर्ष जाते.

उत्तर 3 (कारखान्यात नोकरी, कुपवाड)
मनुष्यबळाचा विषयगट तुमच्या बेतात बसत नाही. पुढे वीस कामगार झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

विद्यार्थिनी
सर्वांचे आभार. उधारीची मुदत आणि व्याज यांचा हिशेब दुकानात कधी मांडलाच जात नाही, हे उत्तर 1 वाचून प्रथमच जाणवले. त्यामुळे तो वडिलांजवळ बसून शिकता येईल, हे उत्तर 2 मधील गृहीतक आमच्या घरी लागू पडत नाही. मार्केटिंग मुख्य ठेवून खेळत्या भांडवलावरील (रोजच्या व्यवहारात अडकणाऱ्या पैशावरील) एखादा ऐच्छिक विषय जोडता येईल का, हे सोमवारी विभागप्रमुखांना विचारते.