कोकणातल्या शाळा-उपकेंद्रांच्या इमारती स्वयंचलित कारखान्यात तयार व्हाव्यात काय?

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर बोलणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

वाशिष्ठीकाठ (प्रस्ताव)

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील शाळा, अंगणवाड्या व आरोग्य उपकेंद्रे यांच्या भिंती आणि स्लॅब यापुढे जागेवर न ओतता कारखान्यात तयार करून आणावेत, आणि त्यासाठी लोटे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एक स्वयंचलित कारखाना उभा राहावा, असे माझे मत आहे. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात जूनपासून चार महिने बांधकाम जवळजवळ ठप्प असते. मे महिन्यात सगळ्यांनाच एकदम सेंट्रिंगवाला हवा असतो, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आत छप्पर चढवण्याच्या घाईत स्लॅबवर पाणी किती दिवस मारले याची चौकशी कोणी करत नाही.

कारखान्याला ही घाई नसते. भिंत ज्यांवर ओतली जाते ते पोलादी पाट रुळांवरून एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर सरकतात. संगणकातील त्रिमितीय आराखड्यावरून यंत्रमानव साच्याच्या कडा चुंबकांनी बसवतो, त्याच आराखड्यावरून सळयांची जाळी कापली आणि जोडली जाते, खिडकी-दारांची जागा वजा करून नेमके तेवढेच काँक्रीट ओतले जाते आणि पाट उबदार, दमट खोलीत पक्का होण्यासाठी जातो. मधे कोणी आकडा पुन्हा हाताने लिहीत नाही, म्हणून चूक शिरण्याच्या जागा कमी होतात. हे सारे ऐन आषाढातही चालू शकते.

जांभाचिरा

प्रस्तावात कारखाना आहे, पण गिऱ्हाईक कुठे आहे? असा कारखाना रोज चालला तरच परवडतो. यंत्रांचे हप्ते आणि वीजबिल मागणीची वाट पाहत थांबत नाहीत. अमेरिकेतील कटेरा ही कंपनी २०१५ मध्ये याच स्वप्नावर निघाली, तिने सुमारे दोन अब्ज डॉलर भांडवल उभे केले आणि २०२१ मध्ये ती बंद पडली. त्यांना यंत्रे कमी पडली असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ च्या आरंभी सहा शहरांत नव्या तंत्राने घरे बांधायला घेतली, तेव्हा प्रत्येक ठिकाणी साधारण हजार घरे एकत्र घेतली. कोकणात एक शाळा या वाडीत, तर दुसरी डोंगरापलीकडे.

शिवाय वजनाचा साधा हिशेब करावा. ६ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १५० मिलिमीटर जाडीची एक भिंत २.७ घनमीटर भरते, म्हणजे पावणेसात टनांच्या आसपास. ती आडव्या घाटवळणांवरून न्यायची, वाडीच्या पाणंदीत क्रेन उभी करायची आणि चार भिंतींसाठी दिवसभराचे भाडे मोजायचे. चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, मात्र एकटा गवंडी उचलतो, तो जवळच्या खाणीतून येतो आणि त्याचे पैसे तालुक्यातच राहतात.

जोतेवाला

मी बांधकामावर देखरेखीचे काम करतो. वरील दोन्ही बाजू कारखान्याच्या आत आणि रस्त्यावर काय होते याबद्दल बोलत आहेत; माझी शंका सांध्याबद्दल आहे. भिंत कितीही बिनचूक असली तरी दोन भिंतींमधला सांधा जागेवरच भरला जातो, आणि तो भरणारा माणूस रोजंदारीवरचाच असतो. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या मोठ्या तयार भिंतींच्या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला, एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चार माणसे गेली. पुढे १९८६ मध्ये ती इमारत उतरवताना सांध्यांतले काम किती निकृष्ट होते ते उघड झाले. कोयनेचा भूकंप १९६७ चा. चिपळूणकरांना तो सांगावा लागत नाही. भूकंपात प्रथम कसोटी लागते ती सांध्याचीच.

दुसरी गोष्ट जोत्याची. कारखाना मिलिमीटरमध्ये बोलतो, आपले जोते उतारावर चिरे रचून बोटाबोटाने सावरलेले असते. जोते चुकले तर भिंत तासून बसवता येत नाही.

वाशिष्ठीकाठ

सांध्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो माझ्या प्रस्तावाच्या विरोधात जात नाही. प्रत्येक भिंतीला क्रमांक असतोच. त्या क्रमांकाखाली सांधा कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या मालाने भरला याची छायाचित्रासह नोंद ठेवता येते. आज भिंतीत काय गाडले आहे याची नोंद कुठेच नसते. मागणीबद्दल म्हणाल, तर जिल्हा परिषदेने पाच वर्षांच्या इमारती एकाच नमुन्यावर एकत्र मागवाव्यात.

खाडीपल्याड

पाच वर्षांचे एकत्र कंत्राट म्हणजे एकाच मोठ्या कंत्राटदाराची सोय, हे आधी नोंदवतो. मला वाटते आपण उगीच काँक्रीटवर अडून बसलो आहोत. पातळ पोलादी पट्टीचे सांगाडे बनवणारे यंत्र एका शेडमध्ये मावते. ते आराखडा वाचून जस्तलेपित पट्टी वळवते, भोके पाडते, कापते आणि प्रत्येक तुकड्यावर क्रमांक छापते. वरील सहा ठिकाणांपैकी आगरतळ्याला हीच पद्धत घेतली होती. तुकडे दोन माणसे उचलतात, त्यामुळे घाटाचा आणि क्रेनचा प्रश्न बराचसा मिटतो, आणि वर्षाला थोड्याच इमारती झाल्या तरी यंत्र बुडीत जात नाही.

जांभाचिरा

पण खारा वारा? किनाऱ्यालगत जस्ताचा थर किती झपाट्याने जातो, हे प्रत्येक पत्र्याच्या शेडच्या मालकाला माहीत आहे, आणि कापलेल्या कडांवर तर तो थर नसतोच. सांगाडा आतून झाकलेला असल्याने गंज दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. चिऱ्याची भिंत ओल धरते, तिला शेवाळ येते, पण ती आपले दुखणे लपवत नाही.

खाडीपल्याड

म्हणूनच मी किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांपुरते बोलतो आहे. तेथेही जोते चिऱ्याचेच राहील आणि गवंड्याचे काम जाणार नाही.

जोतेवाला

मग निविदेत एवढे लिहा: काम संपताना एक तपासणी आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर आच्छादन उघडून दुसरी, दोन्हींचे पैसे वेगळे धरलेले, आणि तोवर कंत्राटदाराची अनामत अडकलेली. हे कलम मान्य असेल तर मी पोलादी सांगाड्याच्या एका उपकेंद्राला संमती देईन. काँक्रीटच्या कारखान्याला मात्र माझा विरोध कायम आहे.