गेटसमोरचा रस्ता वर कसा गेला?

सकाळी ६.४०

अनघा बी-१०३: ज्यांच्या गाड्या बी विंगच्या खालच्या पार्किंगला आहेत त्यांनी आत्ताच्या आत्ता खाली या. पाणी आलंय. पहाटे जेमतेम पाऊण तास पाऊस झालाय आणि माझ्या गाडीच्या सायलेन्सरपर्यंत पाणी आहे. या महिन्यातली ही तिसरी वेळ. पंप कोण चालू करणार?

संजय ए-४०१: किल्ली पंपाच्या खोलीत खिळ्याला असते.

अनघा बी-१०३: खोलीला कुलूप आहे संजयदादा. वॉचमन म्हणतो त्याची किल्ली खजिनदारांकडे, म्हणजे तुमच्याकडे.

संजय ए-४०१: बघतो. येतोय खाली.

प्रसाद बी-३०१: मी माझी गाडी काढून सी विंगसमोर लावतोय, थोडा वेळ चालवून घ्या प्लीज

सीमा सी-१०२: मागच्या वेळी पण थोडा वेळच होता, दोन दिवस होती तिथे. आम्हाला रिक्षा आत घेता आली नाही आणि सासूबाईंचं त्या दिवशी डायलिसिस होतं. आज संध्याकाळपर्यंत काढा.

प्रसाद बी-३०१: सॉरी सीमाताई, मला माहीत नव्हतं. काढतो.

नानाकाका ए-१०१: भांडणं नंतर. गेटपाशी जाऊन बघा, हे पाणी आपल्या आवारातलं नाही, रस्त्यावरून आत येतंय. मे महिन्यात झालेला काँक्रीटचा रस्ता आपल्या गेटपेक्षा वर गेलाय. रस्त्याची पातळी कोणी ठरवली हे लेखी विचारा. मी जूनमध्येही हेच टाकलं होतं.

प्रसाद बी-३०१: काका राग मानू नका पण रस्ता चांगला झालाय. दोन वर्षं त्या खड्ड्यांतून हिंजवडीला जाऊन माझी कंबर कामातून गेली होती. काही झालं नाही तर ओरडायचं आणि झालं तरी ओरडायचं, मग कोण काम करणार पुण्यात

अनघा बी-१०३: रस्ता नको असं कोणी म्हटलंय का? माझ्या पार्किंगचा तलाव झालाय एवढंच म्हणतेय मी.

उल्हास बी-२०२: 🙏 सुप्रभात 🙏 कोणाकडे पोळीवाल्या मावशींचा नंबर आहे का, आमच्या गावाला गेल्यात

संजय ए-४०१: पंप चालू झाला. मागच्या वर्षी दुरुस्तीला अठरा हजार गेले, त्यातले सहा घरांचे अजून आले नाहीत. नावं टाकत नाही.

सकाळी ९.१५

रोहित बी-५०२: रात्रपाळी करून आत्ता आलो, सगळं वाचलं. नानाकाका बरोबर आहेत आणि याचा हिशोब अगदी साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपला प्लॉट साधारण चार हजार चौरस मीटर, सगळी फरशी आणि पेव्हर ब्लॉक, माती कुठे शिल्लकच नाही. तासाला ५० मिमी पडला, जो हल्ली जुलैत सहज पडतो, तर एकट्या आपल्या सोसायटीचं दोन लाख लिटर पाणी तासाभरात बाहेर जायला हवं, म्हणजे सेकंदाला ५५ लिटर. बाहेरची पावसाळी लाइन ३०० मिमीची आहे. उतार नीट असेल आणि आत गाळ नसेल तर ती भरून वाहिली तरी सेकंदाला साठ-सत्तर लिटर नेते. म्हणजे ती आपल्या एकट्यालाच पुरते, आणि त्या लाइनवर पाच सोसायट्या आहेत, वर काँक्रीटच्या रस्त्याचं पाणी. आधी कडेला मुरूम होता तेव्हा थोडं तरी मुरायचं.

रोहित बी-५०२: आणि जुना डांबराचा थर खरवडून न काढता वर काँक्रीट ओतलं की रस्ता वर जाणारच, त्यात काही जादू नाही

संजय ए-४०१: रोहित, पण तुमचेच लोक तर सगळीकडे खोदतायत ना. मेट्रोवाले. आता आम्हाला शिकवून काय उपयोग.

रोहित बी-५०२: दादा मी व्हायाडक्टचं, म्हणजे मेट्रोच्या उंच पुलाचं काम करतो, हा रस्ता कोणी केला मला माहीत नाही. तुम्ही वडीलधारे म्हणून गप्प बसतो पण हे लागलं. आम्ही पिअरचा, म्हणजे खांबाचा खड्डा घेतो तेव्हा खाली कुठली केबल आणि कुठली पाण्याची लाइन निघेल हे नकाशावर नसतं. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता नकाशात नसलेली लाइन लागली, तीनशे मिमीची, छातीएवढ्या पाण्यात उभा राहून मुलांनी व्हॉल्व्ह शोधला. आधी खालचं सगळं शोधायचं, हलवायचं, मग वर बांधायचं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. प्रत्यक्षात टेंडर आधी निघतं, तारीख आधी ठरते, आणि युटिलिटी शिफ्टिंगला, म्हणजे खालच्या लाइनी हलवायला काय उरेल ते.

मेधा ए-३०३: संजयदादा, रोहितला बोलू नका. त्याचं खरं आहे. मी वीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाइन करतेय. माझा मेट्रोला विरोध नाही, उलट ती वीस वर्षं उशिरा आली असं म्हणेन. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. विद्यापीठ चौकातला पूल आठवा. पंधरा वर्षांच्या आसपास वापरला आणि २०२० मध्ये पाडला, कारण शिवाजीनगर-हिंजवडी मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्याच जागी यायचा होता. पूल आणि मेट्रो, दोघांचे कागद एका टेबलावर आले नाहीत. आता आपल्या सिंहगड रोडवर बघा, उड्डाणपूल २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी मेट्रोला मंजुरी दिली, नळस्टॉप-वारजे-माणिकबाग फाटा धरून ३१ किलोमीटरच्या वर, आणि खडकवासल्याचा मार्ग याच रस्त्यावरून. म्हणजे इथे परत खोदाई आहेच. त्यात पावसाळी लाइन मोठी करून घ्यायची हे आत्ता मागितलं नाही तर पुढची वीस वर्षं मिळणार नाही.

प्रसाद बी-३०१: मेट्रो झाली की ट्रॅफिक कमी होईल पण. वनाजवाल्यांना विचारा

मेधा ए-३०३: होईल, स्टेशनपर्यंत चालत जाता आलं तर. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसरला देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बसची वेगळी मार्गिका आपणच केली, पण फुटपाथ आणि रस्ता ओलांडायची सोय धड केली नाही. नगर रस्त्यावरची मार्गिका तर पुढे काढून टाकली. बस वाईट होती असं नाही, लोकांना बसपर्यंत पोचता येत नव्हतं.

उल्हास बी-२०२: पोळीवाल्या मावशी??

सीमा सी-१०२: पर्सनलला पाठवते.

नानाकाका ए-१०१: रस्त्याची पातळी कोणी ठरवली हे लेखी विचारा.

संजय ए-४०१: काका कळलं. तीन वेळा वाचलं.

नानाकाका ए-१०१: वाचून पाणी जात नाही. मी चौतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, थोडं सांगतो, मोठं होईल, चालवून घ्या. नदीला दोन रेषा आखलेल्या असतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाची. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकला (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) धरली आहे आणि लाल १ लाखाला. आता २५ जुलै २०२४ आठवा. खडकवासला धरणातून ३५ हजारांच्या आसपास सोडलं होतं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत माणसांना बोटीतून काढावं लागलं. ६० हजारांचं पाणी जिथपर्यंत यायला हवं त्याच्या कितीतरी आधी घरात शिरलं. धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊस आणि ओढे त्यात मिळाले हे खरं, पण नदीचं पात्रही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. भराव पडला, राडारोडा पडला, भिंती आल्या. म्हणून नदीकाठ सुधार प्रकल्पाबद्दल मला एकच विचारायचं असतं, ४४ किलोमीटर काठ बांधून काढल्यावर पात्राची वहनक्षमता वाढणार की कमी होणार, ते आकडे सोप्या मराठीत चौकात लावा. बाग आणि चालायचा रस्ता मलाही हवाय, रोज सकाळी मीच जाईन. पण आधी पाणी, मग बाक.

शुभदाकाकू ए-२०१: नानाभावजी अगदी खरं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांची, आम्ही शनिवार पेठेत राहायचो. आईने भावाला कडेवर घेतलं आणि मला फरफटत पर्वतीवर नेलं. परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि त्यात आईच्या लग्नातली पितळी घागर. ती अजून माझ्याकडे आहे, तळाशी पोचा आहे. मुठेला कमी समजू नये बाळांनो.

अनघा बी-१०३: काकू 🙏

रोहित बी-५०२: काका अजून एक. वरून येणारं पाणीही वाढलंय. धायरी २०१७ ला महापालिकेत आली, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी २०२१ ला. तिकडे शेतं होती तिथे आता टॉवर आहेत. त्या उतारावरचं पाणी आपल्याकडेच येणार, ओढ्याची रुंदी मात्र होती त्यापेक्षा कमी झालीये. आंबिल ओढ्याच्या पुराची २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र अशीच झाली.

प्रसाद बी-३०१: हे एवढं असेल तर मग सगळे इंजिनिअर गप्प का असतात? सही तर तुम्ही लोकच करता ना ड्रॉइंगवर

मेधा ए-३०३: करतो. खरं आहे आणि त्याची मला लाज वाटते कधी कधी. मी एकदा एका कामात लिहून दिलं होतं की बेसमेंटचा रॅम्प रस्त्यापेक्षा किमान एक फूट उंच घ्या. पुढच्या मीटिंगला मला बोलावलंच नाही. पण लिहिलेलं कागदावर राहतं प्रसाद. तोंडी बोललेलं कोणाला आठवत नाही. विश्वेश्वरय्या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, १९०३ मध्ये त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्याला बसले, दर १५ सप्टेंबरला, इंजिनिअर्स डेला, आम्ही हार घालतो त्यांना. त्यांच्या शहरात गटाराची पातळी कोणी मोजत नाही, हे सहन होत नाही मला.

नानाकाका ए-१०१: म्हणूनच म्हणतो, रस्त्याची पातळी कोणी ठरवली हे

अनघा बी-१०३: लेखी विचारा 🙂 काका, विचारणार. पण त्यात आकडा काय लिहायचा? "रस्ता फार वर आहे" लिहिलं तर परत पाठवतील.

रोहित बी-५०२: रविवारी मोजू. मित्राकडून ऑटो लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी) आणतो. पाऊस नसला तर दहा वाजता.

रविवार, दुपारी १२.२०

रोहित बी-५०२: झालं. फोटो टाकलेत. गेटच्या उंबऱ्यावर स्टाफ १.४८५, समोर काँक्रीटच्या कडेला १.२५५. उंच जागी रीडिंग कमी येतं. म्हणजे रस्ता गेटपेक्षा २३ सेंटिमीटर वर, जवळजवळ नऊ इंच. आणि पावसाळी लाइनचं आपल्यासमोरचं चेंबर मिळालंच नाही. सीमाताईंचा ओम स्टाफ धरून उभा होता, त्यालाच आठवलं की तिथे पूर्वी गोल झाकण होतं, त्यावर ते क्रिकेटचा स्टंप ठेवायचे. काँक्रीट त्याच्यावरूनच गेलंय.

सीमा सी-१०२: त्या झाकणापायी किती वेळा ओरडलेय मी त्याला

मेधा ए-३०३: मग अर्जात तीन गोष्टी. पातळीतला फरक २३ सेंमी, सोबत रीडिंग आणि फोटो. चेंबर उघडून देणे आणि गेटसमोर जाळीचा आडवा चर करून ३०० च्या लाइनला जोडणे. आणि मेट्रोच्या कामाआधी या गल्लीच्या पावसाळी लाइनचा नव्याने हिशोब, वरच्या भागासकट. मी मसुदा लिहिते, रात्री टाकते.

संजय ए-४०१: झेरॉक्सचे पैसे सोसायटीतून देतो. आणि रोहित, परवा जरा जास्तच बोललो रे. घरी ये चहाला.

रोहित बी-५०२: येतो दादा. पंपाच्या खोलीची दुसरी किल्ली करून वॉचमनकडे ठेवा तेवढी.

प्रसाद बी-३०१: मी पण सही करतो. आणि पंपाचे माझे राहिलेत, आत्ता पाठवले.

उल्हास बी-२०२: आमचे पण राहिले असतील तर सांगा

संजय ए-४०१: राहिलेत.

मंगळवार, सकाळी ११.०५

अनघा बी-१०३: अर्ज दिला. छत्तीस सह्या. तिथले साहेब म्हणाले तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं, मी म्हटलं नाही, शिक्का द्या. आवक क्रमांक मिळालाय.

नानाकाका ए-१०१: शाब्बास. शिक्क्याचा फोटो इथे टाक आणि पोचपावतीची मूळ प्रत सोसायटीच्या फाइलला लाव. तीस दिवसांनी मी आठवण करेन.