जुने लॅपटॉप शाळेला देताना डेटा आणि बॅटरीचं काय करावं?

प्रश्न: ऑफिसातले ४० लॅपटॉप द्यायचे आहेत. डिस्क फॉरमॅट केली की पुरे ना? काही बॅटऱ्या फुगल्या आहेत.

उत्तर १: नाही पुरत. क्विक फॉरमॅटने फाइलींची यादी जाते, डेटा तिथेच राहतो. हार्ड डिस्क एकदा पूर्ण शून्यांनी भरली की भागतं. एसएसडीवर (चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या डिस्कवर) मात्र कंट्रोलर, म्हणजे तिची आतली नियंत्रक चिप, नवं लिखाण दुसऱ्याच सेलमध्ये वळवतो, जुना मजकूर मागे उरतो. तिथे डिस्कलाच सगळं पुसायला लावणारी सॅनिटाइझ कमांडच द्या, सिरियल नंबरनिशी नोंद ठेवा.

उत्तर २: फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू किंवा टोचू तर नकाच. टर्मिनलवर चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूत वेगळी ठेवा. साध्या भंगारात गेली तर चिरडताना पेट घेऊ शकते, आणि तिथे माणसं हाताने काम करत असतात.

उत्तर ३: देण्याआधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, नाहीतर संथ लॅपटॉप लवकरच अडगळीत पडेल.