'व्हेन्यू' बदलणे : स्थळ, ठिकाण की वर्ग?

भाषांतरवाली : न्यूयॉर्क राज्यातल्या एका दिवाणी दाव्यातला अर्ज मराठीत करायचा आहे. मागणी एवढीच, की साक्षीदारांना फार लांबून यावं लागतंय, तेव्हा दाव्याचा 'व्हेन्यू' या काउंटीतून त्या काउंटीत न्यावा. मी लिहिलं, 'साक्षीदारांच्या सोयीसाठी स्थळबदल'. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "कुणाचं लग्न मोडलं?" दुसरा शब्द सुचवा.

कोर्टकारकून : कोर्टात कुणी स्थळ बदलत नाही, दावा 'वर्ग' होतो. बँकेत रक्कम वर्ग होते तसा. बदली माणसाची, हस्तांतरण मालमत्तेचं, स्थलांतर पक्ष्यांचं. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली जिल्हा न्यायालय किंवा उच्च न्यायालय दावा वर्ग करतं. राज्याबाहेर न्यायचा असेल तर कलम 25 आणि सर्वोच्च न्यायालय. साक्षीदारांच्या सोयीचे शब्द कलम 24 मध्ये नाहीत, ते वकिलांच्या युक्तिवादातून येतात.

आणि 'सोय' जरा जपून. 'साक्षीदारांच्या सोयीसाठी' चालेल. 'साक्षीदारांची सोय करण्यासाठी' लिहिलंत तर जेवणाखाण्याचा बंदोबस्त वाटेल. 'सोय लावली' म्हटलंत तर दिवाणीचं फौजदारी होईल.

मोडीवाचक : स्थळाला इतकं झटकू नका. मराठेशाहीतल्या निवाड्यांत 'परस्थळ' शब्द येतो. आपल्या गावची सभा पक्षपात करील असं एखाद्याला वाटलं, तर तंटा परस्थळी, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे जाई. अर्थात तिथे कारण संशयाचं होतं, सोयीचं नव्हे. शेताची हद्द ठाऊक असलेली माणसं गावातच राहणारी, त्यांना परस्थळ म्हणजे उलट पायपीटच.

'व्हेन्यू' हा शब्दही मुळात 'येणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलेला. जुन्या इंग्लिश कायद्यात ज्या आसपासच्या मुलखातून ज्यूरीची माणसं बोलवायची, तो व्हेन्यू. माणसांना कुठून यावं लागतं ही काळजी त्या शब्दात पहिल्यापासून आहे, फक्त तेव्हा ती ज्यूरीची होती.

भाषांतरवाली : 'वर्ग' घालून पाहिलं आणि अडले. अर्जाच्या माथ्यावर 'सुप्रीम कोर्ट' आहे. मी खुशाल 'सर्वोच्च न्यायालय' लिहून बसले होते! न्यूयॉर्कात सुप्रीम कोर्ट म्हणजे दावे चालवणारं मूळ न्यायालय; सगळ्यांत वर आहे ते 'कोर्ट ऑफ अपील्स'. शिवाय हे सुप्रीम कोर्ट राज्यभर एकच. काउंटी बदलली तरी कोर्ट तेच. मग कुणाकडून कुणाकडे वर्ग?

वकील : बरोबर पकडलंत. तिथल्या दिवाणी कार्यपद्धतीच्या 510 क्रमांकाच्या कलमात भाषाच 'प्लेस ऑफ ट्रायल' बदलण्याची आहे. कारणं तीन : निवडलेली काउंटी नियमात बसत नाही, तिथे निःपक्ष न्याय मिळणार नाही अशी रास्त शंका आहे, किंवा 'मटेरियल' साक्षीदारांची सोय आणि न्यायाचा हेतू दोन्ही साधतात. तुमचा अर्ज तिसऱ्यातला. यातल्या 'मटेरियल'चं 'भौतिक' करू नका, तसं केलेलं मी पाहिलं आहे. महत्त्वाचे साक्षीदार, ज्यांच्या सांगण्यावर निकाल फिरू शकतो ते.

इथे पक्षकाराची स्वतःची सोय सहसा धरत नाहीत. त्याचे नोकर आणि फी घेऊन येणारे तज्ज्ञ यांचीही नाही. नुसतं 'आमचे साक्षीदार लांब राहतात' म्हणूनही भागत नाही. प्रत्येकाचं नाव, पत्ता, व्यवसाय, तो काय सांगणार, साक्ष द्यायला तयार आहे का आणि आहे तिथे यायला लागलं तर त्याची नेमकी काय गैरसोय होते, हे सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं. तुमच्या अर्जाला तसं प्रतिज्ञापत्र जोडलेलं असेल, तेही भाषांतराला येणार बघा.

तोच अर्ज अमेरिकेच्या संघीय न्यायालयातला असता तर कारकूनसाहेबांचा 'वर्ग' चपखल बसला असता. 1948 पासूनच्या तिथल्या कलम 1404(ए) मध्ये पक्षकार आणि साक्षीदार दोघांच्या सोयीसाठी दावा एका जिल्हा न्यायालयातून दुसऱ्यात पाठवतात, आणि शब्दही 'ट्रान्सफर' असाच आहे. 1964 च्या व्हॅन ड्यूसेन खटल्यात ठरलं की प्रतिवादीने असा दावा दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात नेला तरी त्याच्यासोबत पहिल्या राज्याचा कायदा जातो. छप्पर बदलतं, कायदा नाही.

कोर्टकारकून : मग माझा 'वर्ग' मागे. जाता जाता एक : साक्षीदाराच्या अंतराचा विचार आपल्या संहितेतही आहे, पण तो दुसऱ्याच दाराने येतो. आदेश 16 नियम 19 प्रमाणे न्यायालयाच्या हद्दीबाहेरच्या साक्षीदाराला जातीने बोलवायचं तर त्याचं ठिकाण 100 किलोमीटरच्या आत हवं. वाटेच्या सहा भागांतले पाच भाग रेल्वे, आगबोट किंवा नेहमीचं सार्वजनिक वाहन असेल तर 500 च्या आत. (आगबोट अजून नियमात आहे, हे मला फार आवडतं.) त्यापलीकडच्याची साक्ष कमिशनवर घेता येते. दावा जागचा हलत नाही, कमिशनर साक्षीदाराकडे जातो.

भाषांतरवाली : आता असं केलंय : 'महत्त्वाच्या साक्षीदारांची गैरसोय टळावी व न्यायाचा हेतू साधला जावा, यास्तव या दाव्याच्या सुनावणीचे ठिकाण बदलून देण्यात यावे.' 'सोय'ऐवजी 'गैरसोय टळावी' घेतलं, म्हणजे बंदोबस्ताची शंकाच नको.

मोडीवाचक : 'गैरसोय टळावी' झकास. 'सुनावणी'बद्दल मात्र खात्री नाही. नुसत्या तारखेलाही आपण सुनावणीच म्हणतो.

वकील : खरं आहे. अर्जावरची सुनावणी, मनाईहुकमाची सुनावणी, सगळंच सुनावणी. इथे अख्खा दावा चालणं अभिप्रेत आहे. 'दावा चालवण्याचे ठिकाण' करा.

भाषांतरवाली : केलं. आईलाही वाचून दाखवलं. तिने फक्त विचारलं, "कुठे चालवायचा ते लिहिलंस का?" काउंटीचं नाव राहूनच गेलं होतं.